परदेशी पदवीचं नाव इंग्रजीत आणताना: क्रमवार पद्धत आणि हमखास होणाऱ्या चुका

इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत मिळालेली पदवी इंग्रजीत मांडायची वेळ आली की बहुतेक जण तिचं भाषांतर करतच नाहीत, परस्पर तुलना करून मोकळे होतात. 'लिसेन्सियातुरा' दिसलं की 'बॅचलर', 'मागिस्टर' दिसलं की 'मास्टर', 'डिप्लोम' दिसलं की 'डिप्लोमा'. पहिल्या दोन ठिकाणी कधी नेम लागतो, कधी चुकतो. तिसरा पर्याय तर थेट नुकसान करतो: जर्मन विद्यापीठाची डिप्लोम ही चार-पाच वर्षांची पूर्ण पदवी, आणि इंग्रजीत 'डिप्लोमा' वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर छोटा अभ्यासक्रम येतो.

एक गोष्ट आधी पक्की करा. कागदावर काय लिहिलं आहे ते सांगणं हे भाषांतर. ती पदवी दुसऱ्या देशातल्या कुठल्या पदवीच्या तोडीची आहे हे ठरवणं म्हणजे मूल्यांकन, आणि ते काम मूल्यांकन संस्थेचं, विद्यापीठाच्या प्रवेश विभागाचं किंवा त्या देशाच्या मान्यता कार्यालयाचं. दोन्ही कामं एकाच ओळीत उरकली की मूल्यांकन करणाऱ्याच्या हाती मूळ पुरावाच राहत नाही. मग फाइल परत येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्जदाराने पदवी फुगवून सांगितली असा संशय येतो.

१. भाषांतर कोणाच्या हाती जाणार ते आधी विचारा

एकाच पदवीचं इंग्रजी नाव परिचयपत्रात (सीव्हीत), प्रवेश अर्जात आणि सरकारी फाइलमध्ये वेगवेगळ्या पद्धतीने मांडावं लागतं. परिचयपत्रात एक ओळ पुरते. अधिकृत भाषांतरात कागदावरचा प्रत्येक शब्द, शिक्का आणि सही यावी लागते.

स्वीकारणाऱ्या संस्थेला तीन प्रश्न लेखी विचारा. भाषांतर कोणी केलेलं चालतं? सोबत मूळ प्रत लागते की साक्षांकित प्रत? पदवीचं नाव मूळ भाषेतच राहू द्यायचं आहे का? अमेरिकेचा स्थलांतर विभाग संपूर्ण इंग्रजी भाषांतर मागतो आणि त्यासोबत 'भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि मी ते करण्यास सक्षम आहे' असं भाषांतरकाराचं निवेदन मागतो. ऑस्ट्रेलियात 'नाटी' या संस्थेचं प्रमाणपत्र असलेल्या भाषांतरकाराचं काम सहसा मागितलं जातं. काही मूल्यांकन संस्था अर्जदाराने स्वतः केलेलं भाषांतर हातातही घेत नाहीत. हे सगळं काम संपल्यावर कळलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

२. कागद पूर्ण जमवा

फक्त पदवीप्रमाणपत्रावरून नाव ठरवायला बसू नका. किमान तीन कागद समोर हवेत: पदवीप्रमाणपत्र, विषयवार गुणपत्रक, आणि युरोपातली अलीकडची पदवी असेल तर 'डिप्लोमा सप्लिमेंट'. या पुरवणीचे आठ विभाग ठरलेले असतात. दुसऱ्या विभागात पदवीचं नाव मूळ भाषेत असतं, तिसऱ्यात पातळी आणि कालावधी, आठव्यात त्या देशाच्या उच्चशिक्षण पद्धतीची माहिती. पुष्कळदा ती इंग्रजीतही मिळते. ती हाती असेल तर निम्मी शोधाशोध वाचते.

चीनमधल्या शिक्षणाच्या बाबतीत दोन वेगळे कागद असतात: अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आणि पदवीचं प्रमाणपत्र. पहिलं मिळालं म्हणजे दुसरं मिळालंच असं नाही. ग्राहकाने एकच कागद दिला असेल तर तो कोणता ते आधी पाहा. 'बीये झेंगशू' हे अभ्यासक्रमपूर्तीचं, 'श्युएवेई झेंगशू' हे पदवीचं. पहिल्यावर 'डिग्री सर्टिफिकेट' असं लिहिलं तर ते धडधडीत चुकीचं विधान होतं.

*तपासा:* कागदाची मागची बाजू स्कॅन झाली आहे का? शिक्क्यातली अक्षरं वाचता येतात का? अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरावा म्हणून सरकारने जोडलेलं साक्षांकन) असेल तर त्याचंही भाषांतर करायचं असतं. ते पान बाजूला राहून जाणं ही फार नेहमीची चूक आहे.

३. कागदावरचे घटक सुटे करा

इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. पदवीप्रमाणपत्रावर एका वाक्यात चार-पाच वेगळ्या गोष्टी गुंफलेल्या असतात: पदवीचं नाव, त्या पदवीमुळे लावता येणारी उपाधी, व्यवसायाची पात्रता, विषय किंवा शाखा, आणि श्रेणी. पेन्सिल घेऊन प्रत्येकाखाली वेगळी खूण करा.

रशियन कागदाचं उदाहरण घ्या. जुन्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या डिप्लोमावर साधारण असं असतं: राज्य परीक्षा आयोगाच्या अमुक तारखेच्या निर्णयानुसार 'क्वालिफिकात्सिया इंझेनेर' प्रदान, 'स्पेत्सियालनोस्त प्रोमिश्लेन्नाया तेप्लोएनेर्गेतिका'. यात 'इंझेनेर' ही पात्रता आहे आणि औद्योगिक औष्णिक ऊर्जा अभियांत्रिकी ही विशेष शाखा. 'मास्टर' हा शब्द कुठेही नाही. तरीही या कागदाचं भाषांतर 'मास्टर ऑफ थर्मल इंजिनिअरिंग' असं केलेलं सर्रास दिसतं. बरोबर मांडणी अशी: पात्रता, इंजिनिअर, विशेष शाखा, इंडस्ट्रियल हीट पॉवर इंजिनिअरिंग. मधला स्वल्पविराम किंवा नवी ओळ जपा. दोन्ही जोडून एक नवी पदवी तयार करू नका.

इटलीत 'लाउरेआ' मिळवणाऱ्याला 'दोत्तोरे' ही उपाधी मिळते. ती उपाधी आहे, डॉक्टरेट नव्हे. संशोधनाची डॉक्टरेट म्हणजे 'दोत्तोरातो दि रिचेर्का', आणि ती वेगळी पदवी. चेक प्रजासत्ताकात नावाआधी 'जेयूडॉ' किंवा 'आरएनडॉ' अशी लघुरूपं लागतात. ती 'रिगोरोझुम' परीक्षेनंतर मिळणारी उपाधी आहेत, पीएच.डी. नव्हेत. नेदरलँड्समधलं 'दोक्तोरांदुस' हे तर डॉक्टरेटच्या आधीचं, जुन्या पद्धतीतलं पूर्ण विद्यापीठीय शिक्षण. त्याचं लघुरूप 'डीआरएस' पाहून 'डॉक्टर' लिहिणं म्हणजे अर्जदाराला अडचणीत टाकणं.

*सावधान:* संस्थेचं नाव हाही वेगळा घटक आहे. जर्मन 'होखशूले' आणि स्वीडिश 'हॉगस्कूला' या उच्चशिक्षण संस्था आहेत, 'हायस्कूल' नव्हेत. जर्मन 'गिम्नाझियुम' ही मात्र शाळा आहे. बहुतेक संस्था आपलं इंग्रजी नाव स्वतःच ठरवून देतात. ते संस्थेच्या अधिकृत पानावरून घ्या, स्वतः घडवू नका.

४. पदवी कोणत्या सालची ते पाहा

तेच नाव दहा वर्षांत वेगळी पदवी होऊ शकतं. युरोपातलं उच्चशिक्षण एकसारख्या रचनेत आणण्यासाठीचा बोलोन्या जाहीरनामा 1999 चा. त्यानंतर युरोपातल्या बहुतेक देशांनी पदव्यांची रचना तीन टप्प्यांत बसवली: पहिला 180 ते 240 श्रेयांकांचा (क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याचं एकक), दुसरा बहुधा 90 ते 120 चा, तिसरा डॉक्टरेटचा. पूर्णवेळ शिक्षणाचं एक वर्ष म्हणजे 60 श्रेयांक. जुनी नावं मात्र बऱ्याच ठिकाणी तशीच राहिली, आत भरलेला मजकूर बदलला.

इटलीची 'लाउरेआ' सुधारणेआधी चार ते सहा वर्षांची होती, नंतर तीन वर्षांची झाली आणि तिच्यावर 'लाउरेआ माजिस्त्राले' आली. पोर्तुगालमध्ये 2006 च्या कायद्यानंतर 'लिसेन्सियातुरा' बहुतांशी तीन वर्षांची झाली. त्याआधी ती चार-पाच वर्षांची असायची. म्हणून भाषांतरात पदवीप्रदानाची तारीख आणि कागदावर असेल तर अभ्यासक्रमाचा कालावधी कधीही गाळू नका. जुन्या पद्धतीत प्रवेश घेतलेले विद्यार्थी सुधारणेनंतरही जुनीच पदवी घेऊन बाहेर पडले आहेत, त्यामुळे फक्त साल पाहून निष्कर्ष काढता येत नाही. गुणपत्रकातली वर्षं मोजावी लागतात.

जपानमध्ये तर 'गाकुशी' ही 1991 पर्यंत उपाधी होती आणि त्या वर्षीच्या बदलानंतर पदवी झाली. आधी विषय नावातच असायचा, 'कोगाकुशी'. आता पदवी आधी आणि विषय कंसात. म्हणून नव्या कागदाचं भाषांतर 'बॅचलर', कंसात 'इंजिनिअरिंग', असं होतं. तो कंस काढून 'बॅचलर ऑफ इंजिनिअरिंग' करण्याचा मोह टाळा, विद्यापीठाने स्वतः तसं इंग्रजी नाव दिलेलं नसेल तर.

५. अधिकृत इंग्रजी नाव आधीच आहे का ते शोधा

स्वतः भाषांतर करण्याआधी ही पायरी न चुकता घ्या. स्वीडनमध्ये पदव्यांची इंग्रजी नावं नियमानेच ठरलेली आहेत. 'कांदिदातेक्सामेन' म्हणजे 'डिग्री ऑफ बॅचलर'. 'मागिस्तेरेक्सामेन' आणि 'मास्तेरेक्सामेन' ही दोन्ही 'डिग्री ऑफ मास्टर'. फरक श्रेयांकांत, पहिली 60 ची आणि दुसरी 120 ची, आणि तो आकडा नावासोबत कंसात दिला जातो. तो आकडा गाळला की दोन वेगळ्या पदव्या एक होतात.

विद्यापीठाने इंग्रजी नाव दिलेलं असेल तर तेच अक्षरशः घ्या, तुम्हाला ते ओबडधोबड वाटलं तरी. त्याहून चांगला शब्द सुचणं हे नाव बदलण्याचं कारण होत नाही. विद्यापीठाचं नाव वापरलं असेल तर ते कुठून घेतलं ते टिपेत सांगा.

६. नाव लिहिण्याचा क्रम

अधिकृत इंग्रजी नाव मिळालं नाही तर पुढच्या क्रमाने जा.

आधी मूळ नाव, मूळ लिपीत किंवा रोमन लिप्यंतरात. फ्रेंच, पोलिश, तुर्की अशा रोमन लिपीतल्या भाषांची चिन्हं जशीच्या तशी ठेवा. ती गाळली की पदवीच्या सूचीत नाव सापडत नाही. इतर लिप्यांसाठी एकच पद्धत निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा: रोमन लिपीत लिहिण्यासाठी चिनीला पिनयिन, जपानीला हेपबर्न. रशियनच्या अनेक पद्धती आहेत. कुठलीही एक चालते, मिसळ चालत नाही. अपवाद एकच: व्यक्तीचं नाव. ते पारपत्रावर आहे तसंच लिहायचं, मग ते तुमच्या पद्धतीत बसो वा न बसो.

त्यानंतर चौकोनी कंसात शब्दशः इंग्रजी अर्थ. तो अर्थ जितका साधा, तितका सुरक्षित. रशियन 'कांदिदात नाऊक' साठी 'कँडिडेट ऑफ सायन्सेस'. 'डिप्लोम-इंझेन्यर' साठी 'डिप्लोमा इंजिनिअर', आणि मूळ नाव शेजारी असल्यामुळे कोणाचा गैरसमज होत नाही. जर्मन नावाला 'एफएच' कंसात लागलेलं असेल तर ते सोडू नका. उपयोजित विज्ञानांच्या संस्थेची पदवी आणि विद्यापीठाची पदवी यातला तो फरक आहे.

लॅटिन नावं लॅटिनच ठेवा. 'डॉक्टर रेरुम नातुरालियुम' हे 'डॉ. रेर. नाट.' म्हणूनच लिहायचं, हवं तर कंसात 'डॉक्टर ऑफ नॅचरल सायन्सेस'. त्याचं 'पीएच.डी.' करायचं नाही. 'कुम लाउदे' (गौरवासह उत्तीर्ण) या शेऱ्याचंही तसंच.

*तपासा:* मूळ नाव बोटाने झाकून फक्त इंग्रजी अर्थ वाचा. त्यात कागदावर नसलेली पातळी, विषय किंवा 'ऑनर्स' सारखा शब्द घुसला आहे का?

७. एकसारखी दिसणारी नावं

सर्वाधिक चुका इथे होतात. 'कांदिदात' हा एकच शब्द घ्या. स्वीडनमध्ये आणि फिनलंडमध्ये त्यापासून बनलेली पदवी 180 श्रेयांकांची, म्हणजे पहिल्या टप्प्यातली. डेन्मार्कमध्ये 'कांदिदात' हा दुसऱ्या टप्प्यातला, पहिल्या पदवीनंतरचा. रशियात 'कांदिदात नाऊक' होण्यासाठी प्रबंध लिहून त्याचा जाहीर बचाव करावा लागतो. तिन्हींना 'कँडिडेट' म्हणून सोडून दिलं, देशाचं नाव आणि मूळ शब्द शेजारी ठेवला नाही, तर वाचणाऱ्याला डॉक्टरेटचा संशोधक आणि पहिल्या पदवीचा विद्यार्थी सारखाच दिसतो. वर इंग्रजीत 'कँडिडेट' म्हणजे अजून पदवी न मिळालेला उमेदवार असाही अर्थ निघतो, तो वेगळाच.

'लिसेन्सिया', 'लिसाँस', 'लिसान्स' या कुळाचंही तेच. फ्रान्सची 'लिसाँस' तीन वर्षांची. तुर्कस्तानची 'लिसान्स' साधारण चार वर्षांची. 'ऑन लिसान्स' तिच्या खालची, 'युकसेक लिसान्स' वरची. पोलंडमध्ये 'लित्सेन्त्सयात' पहिल्या टप्प्यात येते. ब्राझीलमध्ये 'लिसेन्सियातुरा' ही शाळेत शिकवण्याची पात्रता देणारी पदवी आहे आणि 'बाशारेलादो' ही वेगळी. स्वीडनमध्ये 'लिसेन्तियात' ही मास्टरनंतरची संशोधन पदवी. फिनलंडमध्ये वैद्यकशास्त्राची 'लिसेन्सियाती' ही डॉक्टर होण्यासाठीची मूळ पदवी. यातल्या कुठल्याही नावाचं इंग्रजी रूप म्हणून 'लायसन्स' लिहू नका. वाचणारा त्याला परवाना समजतो.

'बाकालोरेआ' आणि 'बाचिल्येरातो' पाहून 'बॅचलर' लिहिण्याची चूक तर दर दुसऱ्या अर्जात सापडते. फ्रान्स आणि स्पेनमध्ये ही शाळा संपल्याची परीक्षा किंवा टप्पा आहे. पण पेरूमध्ये 'बाचिल्येर' ही विद्यापीठाची पहिली पदवी असते, आणि कोस्टा रिकामध्ये 'बाचिल्येरातो युनिव्हर्सितारियो' ही सुद्धा. शब्द तोच, देश बदलला की पातळी बदलली. म्हणून पदवीच्या नावाचा कुठलाही तयार तक्ता देशाचा स्तंभ नसेल तर वापरू नका.

जर्मनीचं 'श्टाट्सएक्सामेन' ही विद्यापीठाची पदवीच नव्हे, ती राज्याची परीक्षा आहे. कायदा, वैद्यक, अध्यापन यांसाठी घेतली जाते. भाषांतर 'स्टेट एक्झामिनेशन'. त्यावरून 'एल.एल.एम.' किंवा 'एम.डी.' बनवायचं नाही. 'डॉ. मेड.' ही त्यानंतर प्रबंधाने वेगळी मिळवायची पदवी आहे. ती अर्जदाराकडे नसेल तर त्याच्या नावापुढे येता कामा नये.

८. गुण, श्रेणी आणि तारखा

गुणांचं रूपांतर अजिबात करू नका. जर्मनीत 1 सर्वोत्तम आणि 5 म्हणजे नापास. रशियात 5 सर्वोत्तम. फ्रान्समध्ये 20 पैकी 10 ला उत्तीर्ण, आणि 14 ला 'ब्यँ' हा चांगला शेरा मिळतो. आकडा तसाच लिहा, शेऱ्याचा शब्दशः अर्थ द्या, आणि कागदावर गुणपद्धतीची किल्ली छापलेली असेल तर तिचंही भाषांतर करा. 14 पाहून 70 टक्के काढला तर त्या विद्यार्थ्यावर अन्याय होतो.

तारखांमध्ये महिना शब्दांत लिहा, 04.07 हे चार जुलै की सात एप्रिल हा वाद उरत नाही. वेगळ्या कालगणनेतली तारीख असेल तर मूळ आकडा ठेवून इसवी सन कंसात द्या. जपानच्या हेइसेइ वर्षात 1988 मिळवायचे, रेइवात 2018, शोवात 1925. थाई बौद्ध सनातून 543 वजा. तैवानच्या मिंगुओ सनात 1911 मिळवायचे. इराणी सौर वर्ष 21 मार्चच्या सुमारास बदलतं, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत 621 आणि डिसेंबर उलटल्यावर 622 मिळवावे लागतात. इथे एका वर्षाची चूक झाली की पदवी अभ्यासक्रम संपण्याआधीच मिळाल्यासारखी दिसते.

९. टिपा कुठे आणि किती

भाषांतरकाराने घातलेली प्रत्येक गोष्ट चौकोनी कंसात जावी, म्हणजे मूळ कोणतं आणि जोड कोणती ते वेगळं दिसतं. गोल शिक्का असेल तर कंसात 'गोल शिक्का' आणि त्यातला मजकूर. वाचता येत नसेल तर 'अवाचनीय', अंदाज नको. मूळ कागदातच चूक असेल, उदाहरणार्थ नावात एक अक्षर कमी, तर ती तशीच ठेवून खूण करा. दुरुस्त करून देणं तुमच्या अधिकारात नाही.

टिपेत काय चालतं? 'अभ्यासक्रमाचा कालावधी कागदावर पाच वर्षे' असं तथ्य चालतं. 'अमेरिकन मास्टरच्या समकक्ष' चालत नाही. ग्राहक आग्रह करतात, कधी नोकरीच्या जाहिरातीत 'मास्टर्स आवश्यक' लिहिलेलं असतं म्हणून. त्यांना मूल्यांकन संस्थेकडे पाठवा. त्या संस्थेचा अहवाल भाषांतरासोबत जोडला की ते वाक्य अधिकृतपणे येतं आणि तुमच्या सहीखाली राहत नाही.

१०. परिचयपत्रातली एक ओळ

इथे जागा कमी असते, पण नियम तोच. मूळ नाव, कंसात छोटं स्पष्टीकरण, विषय, संस्था, देश, साल. स्पष्टीकरणात पातळीऐवजी कालावधी लिहा: 'पाच वर्षांची विद्यापीठीय पदवी'. हे खरं असतं, समजतं आणि कोणाला आव्हान देता येत नाही. मूल्यांकन अहवाल हाती असेल तर 'अमुक संस्थेच्या मूल्यांकनानुसार' अशी जोड द्या, अहवालातल्याच शब्दांत.

११. सही करण्याआधी

भाषांतर पूर्ण झालं की दुसऱ्या कोणाला तरी आकडे मोठ्याने वाचायला लावा: जन्मतारीख, नोंदणी क्रमांक, पदवीप्रदानाची तारीख, श्रेयांक. स्वतःच्या डोळ्यांना स्वतःची आकड्यांची अदलाबदल दिसत नाही.

मग पदवीचं नाव तिन्ही ठिकाणी जुळतं का पाहा: पदवीप्रमाणपत्राच्या भाषांतरात, गुणपत्रकाच्या भाषांतरात आणि अर्जात. एकात 'कँडिडेट ऑफ सायन्सेस' आणि दुसऱ्यात 'डॉक्टर' असेल तर अर्ज तिथेच थांबतो.

निवेदनात भाषांतरकाराचं नाव, कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत, पूर्णता आणि अचूकतेचं विधान, सही, तारीख आणि संपर्क इतकं हवं. मूळ कागदाची प्रत भाषांतराला जोडा आणि पानांना 'पाचपैकी दोन' अशा पद्धतीने क्रमांक द्या, म्हणजे मधलं एखादं पान गळालं तर लगेच लक्षात येतं. शेवटी एक प्रत स्वतःकडे ठेवा, लिप्यंतराची कोणती पद्धत वापरली त्याच्या नोंदीसह. त्याच व्यक्तीचा पुढचा कागद वर्षभराने आला तर नावाचं स्पेलिंग आणि पदवीचं इंग्रजी रूप तेच ठेवावं लागेल.